मोटार पाणी देत नाही? मिस्त्रीला बोलावण्याआधी एवढे पाहा



उन्हाळी धान पोटरीत आले की बांधीत पाणी हवेच. नेमकी तेव्हाच मोटार रुसते. बपेरा-सिहोरा भागात फिरताना एका शेतकऱ्याकडे हेच पाहिले. मिस्त्रीची वाट पाहण्यात त्यांचे तीन दिवस गेले, बांधीला भेगा पडल्या. शेवटी निघाले काय? फुटव्हॉलमध्ये अडकलेली पळसाची काडी! निसवण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला तर लोंबीत दाणे पोचट राहतात, हे आपण जाणताच. म्हणून विहिरीवरच्या किंवा बोडीवरच्या साध्या पंपाची ही तपासणी घरच्या घरी शिकून घ्या.

आधी जीव, मग मोटार

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. म्हणजे दुसरा कोणी चुकून मोटार चालू करणार नाही. हात कोरडे असावेत, पायात रबरी चप्पल असावी, उभे राहायला कोरडी फळी घ्यावी. डीपीला हात लावू नका. ते काम महावितरणचे. त्यासाठी १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

मोटार फिरते, पण पाणी येत नाही

हा दोष बहुधा विजेचा नसतो, पाइपाचा असतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे तर पंप पाइपात पोकळी करतो आणि विहिरीवरची हवा पाणी वर ढकलते. पाइपात बाहेरची हवा शिरली की पाणी चढायचे थांबते. म्हणून क्रमाने पाहा :

१) मोटार बंद ठेवून पंपात काठोकाठ पाणी भरा. पाणी हळूहळू खाली गेले तर फुटव्हॉल गळतो आहे. तो वर काढून काडी, शेवाळ, रेती साफ करा. आतले चामडे किंवा रबर झिजले असेल तर बदला.

२) पाणी टिकते, तरी पंप चालत नाही? मग विहिरीकडच्या पाइपाच्या सांध्यांना ओली चिकणमाती लावा आणि मोटार चालू करून पाहा. पाणी आले तर हवा तिथूनच शिरत होती. माती हा तात्पुरता उपाय आहे. नंतर वायसर बदलून सांधा नीट आवळा.

३) विहिरीतले पाणी किती खाली गेले ते दोरीने मोजा. पाण्यापासून पंप २० फुटांच्या आत असावा. चैत्र-वैशाखात पाणी खोल जाते, तेव्हा पंप खाली घ्यावा लागतो. फुटव्हॉल पाण्यात बुडालेला, पण तळाच्या गाळापासून हात-दीड हात वर हवा.

४) लाइनचे किंवा केबलचे काम झाल्यापासून पाणी कमी झाले असेल तर मोटार उलटी फिरत असेल. पंपावरच्या बाणाशी ताडून पाहा. उलटी असल्यास वायरमनकडून तीनपैकी दोन तारांची अदलाबदल करून घ्या.

मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही

ताबडतोब बंद करा! बहुधा एक फेज गेलेली असते. पेटीवरचे लाल, पिवळा, निळा हे तिन्ही दिवे सारखे पेटतात का ते पाहा. दोन फेजवर मोटार रेटली तर थोड्याच वेळात वाइंडिंग जळते. तिन्ही फेज ठीक असतील तर मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, पंपाचा दांडा हाताने फिरवा. जड जात असेल तर आत खडा अडकला किंवा बेअरिंग धरले, असे समजा. इथे मिस्त्री हवाच.

स्टार्टर पुन्हा पुन्हा पडतो

स्टार्टर पडतो तो मोटार वाचवण्यासाठी. त्याला काडी लावून अडकवू नका. दहा मिनिटे थंड होऊ द्या, व्होल्टेज पाहा आणि एकदाच चालू करा. पुन्हा पडला तर हट्ट धरू नका. फ्यूज उडाला म्हणून जाड तार घालणे म्हणजे फ्यूजऐवजी मोटार जाळणे.

इथे स्वतः हात घालू नका

मोटारीला झटका बसतो, जळका वास येतो, धूर निघतो, किंवा मोटार पाण्यात बुडाली होती, अशा वेळी ती सुरूच करू नका. बोअरमधली पाणबुडी मोटारही स्वतः उपसू नका. तिचे फक्त फेज, फ्यूज आणि स्टार्टर पाहा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालत जा.

एवढे पाहूनही मोटार चालली नाही तर मिस्त्रीला खुशाल बोलवा. पण काय पाहिले, काय आढळले ते त्याला सांगा. मग तो लागणारे सामान बरोबर घेऊनच येईल आणि तुमची एक खेप वाचेल.

हा कागद मोटारीच्या खोलीत, पेटीजवळ टांगून ठेवा.