नाच बसवणारी माणसं

संगीतसोहळ्यासाठी कोरिओग्राफर हल्ली पॅकेजमध्येच मिळतो. तालमीच्या हॉलमध्ये मात्र अजूनही ‘दुसरं कडवं बसलं का?’ असंच विचारतात. नुसत्या स्टेप्स सुचल्या म्हणजे नाच बसत नाही. सुचलेली हालचाल दहा जणांच्या अंगात उतरवायची, कोण कुठून येणार, कुणाच्या पुढून जाणार हे ठरवायचं आणि ठेका चुकेनासा होईपर्यंत घोटून घ्यायचं. म्हणून ‘ताईंनी नाच बसवला’ असं कौतुकाने सांगतात आणि लगेच ‘मागच्या ओळीचा अजून बसला नाही’ अशी कुरकुरही करतात. दोन्ही खरं असतं.

‘कोरिओग्राफी’ हा शब्द मुळात कागदावरचा. १७०० साली पॅरिसमध्ये राऊल ओजे फ्यूये यांचं याच नावाचं पुस्तक निघालं. विषय होता नाच खुणांनी लिहून कसा ठेवायचा. नाच रचणाऱ्याच्या कामाला तो शब्द पुढे लागला.

बसवणं म्हणजे काय, हे पाहायचं तर १९७२चं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. ब्राह्मणांची एक रांग डुलत उभी राहते. तोच पडदा, तीच भिंत. रांग पाठ फिरवते, फुटते, पुन्हा जुळते आणि मागचं लपतं किंवा उघडं पडतं. यातल्या एकानेही सुटं, देखणं नाचायचं नाही. सगळ्यांचा तोल एकाच वेळी एकाच पायावर गेला पाहिजे, नाहीतर भिंतीला भगदाड! माझ्या मते एकट्याच्या गिरक्यांपेक्षा हे काम कितीतरी अवघड.

(राजकीय सभाही आता ‘कोरिओग्राफ’ केलेली असते म्हणे. तिला आपण ‘घडवून आणलेली’ म्हणतो आणि ते बरोबरच आहे; तिथे घोटून घ्यायचे कष्ट कोण घेतो?)

हिंदी चित्रपटात नाच बसवण्याच्या कष्टांचं श्रेय मात्र उशिराच मिळालं. सरोज खान यांनी नृत्यदिग्दर्शक बी. सोहनलाल यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलं, १९७४च्या ‘गीता मेरा नाम’मध्ये स्वतंत्रपणे नाच बसवले. नृत्यदिग्दर्शनासाठी फिल्मफेअरचा वेगळा पुरस्कार सुरू झाला तो १९८८च्या ‘तेजाब’नंतर आणि त्यातल्या ‘एक दो तीन’ या गाण्यासाठी पहिला मान त्यांनाच मिळाला. प्रत्यक्ष घोटून घेणाऱ्या सहायकांसाठी त्यात वेगळा विभाग नव्हता.