मधुघट मुंग्या: साठा वारुळाचा, राणीचा नव्हे

पंचकुल्याच्या सेक्टर 5 मधल्या सात एकरांच्या कॅक्टस गार्डनमध्ये मेक्सिकोकडचे निवडुंग सुखाने वाढतात. मग त्याच मुलखातल्या मधुघट मुंग्या इथल्या घरात का वाढू नयेत, असं मुंग्या पाळणाऱ्या हौशी मंडळींना वाटलं तर नवल नाही. छायाचित्रांत वारुळाच्या छताला लटकलेल्या, द्राक्षाएवढ्या पोटाच्या मुंग्या दिसतात. त्या पाहून समज असा होतो की ही जन्मजात निराळी जात असावी आणि राणी आणून साखरपाणी दिलं की लवकरच घरात मध लटकू लागेल. पण ते पोट म्हणजे अन्न साठवण्याची पिशवी असते आणि ती साध्या मुंग्यांनाही असते. कामकरी मुंगी तीत गोड द्रव भरून आणते आणि तोंडाला तोंड लावून बहिणींना पाजते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि मेक्सिकोतल्या मिर्मेकोसिस्टस मुंग्यांमध्ये कोषातून नुकत्याच निघालेल्या काही थोराड कामकरी निवडून भरल्या जातात. हेन्री मकूक यांनी 1879 मध्ये कोलोरॅडोत अशी वारुळं उकरून हा प्रकार तपशिलाने नोंदवला. थोडक्यात, मधुघट होणं हे एक काम आहे. ज्या वारुळाकडे भरपूर माणूसबळ आहे आणि सुगीत उरलेलं अन्न दुष्काळासाठी राखायचं आहे, तिथेच हे काम लागतं.

कोवळ्या वसाहतीची गत याच्या नेमकी उलट असते. मीलनानंतर राणी पंख तोडून टाकते, स्वतःला कोंडून घेते आणि अंगातली चरबी व निकामी झालेले उडण्याचे स्नायू जिरवून पहिल्या अळ्या पोसते. या काळात तिला खाऊ लागत नाही. तिला ठेवलेल्या काचेच्या नळीच्या तळाशी पाणी, त्याला कापसाचा बोळा, तोंडाशी दुसरा बोळा आणि वर काळं कापड एवढं पुरतं. रोज कापड उचलून बघणं आणि मधाचा थेंब सोडणं यात माया असली तरी घाबरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकू शकते. पहिल्या कामकरी निघाल्यावर साखरपाणी द्यावंच, पण मोठ्यांना साखर पळायला लागते आणि अळ्यांना वाढायला प्रथिनं, म्हणजे मारलेला एखादा किडा. नुसत्या साखरेवर ठेवलेली वसाहत खुंटते. शिवाय पहिली पिढी अंगाने बारीकच असते. तिची पोटं थोडी फुगतील, द्राक्षाएवढी होणार नाहीत.

बंद डबीतली मुंगी पळून कुठे जाणार, म्हणून परदेशी राणी मागवायला काय हरकत, असा एक युक्तिवाद होतो. निवडुंग कुंडीतून उठून चालू लागत नाही, मुंगी मात्र बारीकशा फटीतूनही निघते. ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या वेड्या मुंग्यांनी लाल खेकड्यांचा संहार केला, हे उदाहरण समोर आहे. भारतात 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार जिवंत कीटक आणायला परवाना लागतो. केनियात एप्रिल 2025 मध्ये दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे 5,000 मुंग्या, बहुतेक राण्या, सापडल्या आणि न्यायालयाने प्रत्येकाला 10 लाख शिलिंगचा दंड केला. या छंदाचा बाजार इतका मोठा झाला आहे.

त्यापेक्षा पंचकुल्यात आयता मिळतो तो काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, ज्याला तिकडे मकोडा म्हणतात. त्यात काय पाहायचं, असं म्हणणाऱ्याने साखरपाणी पिऊन आलेल्या मुंगळ्याच्या पोटाकडे भिंगातून पाहावं. काळ्या पट्ट्या एकमेकींपासून सरकतात आणि मधल्या फिकट पडद्याच्या रेषा उघड्या पडतात. मधुघटाच्या पोटात हेच टोकाला गेलेलं असतं. राणी शोधताना मात्र ध्यानात ठेवावं की पावसाळ्यात दिव्याभोवती येणारे सगळे पंखवाले मुंग्या नसतात, पुष्कळदा ती वाळवी असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर चिंचोळी आणि मिशा कोपरात दुमडलेल्या असतात. पंख टाकून जमिनीवर फिरणारी एकटी राणी उचलावी, वारूळ खणू नये. राणीविना दुसऱ्या वारुळातल्या कामकरी आणूनही भागत नाही. मधमाश्यांप्रमाणे त्या नवी राणी घडवू शकत नाहीत. परक्या वासाच्या म्हणून आपल्याकडच्या राणीशीही त्यांचं जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत वसाहत मंदावते आणि अंडी घालणं जवळजवळ थांबतं. हा आजार नाही. अशा वेळी नळी हीटरजवळ नेली तर पाणी आटून कापूस कोरडा पडतो, आणि तो धोका थंडीपेक्षा मोठा आहे.