गल्ली आधी, पडदा नंतर

'गली बॉय' 14 फेब्रुवारी 2019 रोजी झळकला आणि मुंबईच्या रॅपला ओळख दिली ती चित्रपटानेच, असा समज घट्ट बसला. तारखा वेगळे सांगतात. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचे 'आफत' हे गाणे 2014 मध्येच यूट्यूबवर आले होते. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण, दोन्ही एका आयपॅडवर. अंधेरीच्या डिवाइनसोबतचे त्याचे 'मेरे गली में' 2015चे. सुरुवातीला पैसा नव्हता, स्टुडिओ नव्हता. होती ती वस्तीची बोली. दख्खनी वळणाची, मराठी शब्द सहज पोटात घेणारी बंबईया हिंदी जशी बोलली जाते तशीच यमकात बसवणे, हेच या मुलांचे भांडवल. (शुद्धलेखनवाल्यांनी कान झाकले तरी चालेल.)

कोणी म्हणेल, रॅपला गल्लीबाहेर नेले ते शेवटी पडद्यानेच. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या एमसी स्टॅन या रॅपरच्या बाबतीत हे अर्धे खरे आहे. 2023 मध्ये 'बिग बॉस'चे सोळावे पर्व जिंकल्यावर तो घराघरांत पोहोचला. पण विजेता ठरतो प्रेक्षकांच्या मतांवर, आणि 2020च्या 'तडीपार' या अल्बमपासून त्याचा श्रोता तयार होत आला होता. दूरचित्रवाणीने त्या श्रोत्यांची गर्दी इतरांना दाखवली. रॅपर एमिवे बंटायने तर संगीत कंपनीच्या करारापेक्षा स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर भिस्त ठेवली आणि 2019 मध्ये एमटीव्ही युरोपचा सर्वोत्कृष्ट भारतीय कलाकाराचा पुरस्कार मिळवला. हा मार्ग सोपा नाही; गाणे फुकट ऐकले जाते, कमाई बहुतांशी मंचावरच्या कार्यक्रमांतून होते.