परभाषेची वाट मातृभाषेतून

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार केला, तेव्हापासून जर्मन भाषेचा विषय पुण्यामुंबईच्या मर्यादित वर्तुळाबाहेर पडून जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला आहे. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुणांना एक नवे दार दिसू लागले. परंतु त्या दाराची किल्ली भाषा ही आहे. परिचारिकेला तेथे व्यवसायाची पूर्ण मान्यता मिळवावयाची तर सामान्यतः ‘बी-२’ पातळीचे जर्मन यावे लागते. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवरील ही चौथी पायरी होय. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीने ती गाठावयाची कशी, हा खरा प्रश्न आहे.

एके काळी याचे उत्तर पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट अथवा मॅक्स म्युलर भवन असेच द्यावे लागले असते. म्हणजे शहरात राहण्याचा खर्च आला, वर्गाचे शुल्कही आले. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बरेच काही विनामूल्य मिळते. ‘डॉइच वेले’ या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही चित्रफितींची पाठमाला पहिल्या पायरीपासून तिसऱ्या पायरीपर्यंत नेते. त्याच संस्थेच्या संथ गतीने वाचलेल्या बातम्या कान तयार करतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षांच्या नमुना प्रश्नपत्रिकाही घरबसल्या सोडविता येतात. हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्मरण व विस्मरण यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ठरावीक अंतराने उजळणी करण्याचे जे तत्त्व त्यांतून पुढे आले, त्यावर शब्द घोकविणारी यंत्रे आज प्रत्येकाच्या खिशात आहेत.

तथापि साधनांची विपुलता म्हणजे विद्या नव्हे. रोज दहा मिनिटे पडद्यावर योग्य चौकोन दाबून गुण मिळविणारा विद्यार्थी आपण प्रगती करीत आहोत असे मानतो. परीक्षेच्या तोंडी भागात मात्र समोरच्या उमेदवाराशी बोलून एखाद्या कार्यक्रमाची आखणी करावी लागते, तेव्हा त्याची जीभ अडखळते. ओळखता येणे आणि बोलता येणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून ऐकलेले वाक्य मोठ्याने उच्चारावे, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळाशी ताडून पाहावा, रोज चार ओळी लिहाव्यात आणि आठवड्यातून एकदा तरी जाणत्या माणसाकडून चुका काढून घ्याव्यात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संभाषणसाधने सरावास उपयोगी पडतात. परंतु ती चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात, हे विसरू नये.

याहून मोठी अडचण माध्यमाची आहे. यांपैकी बहुतेक साधने इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे नेतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला एका परक्या भाषेसाठी दुसऱ्या परक्या भाषेचा टोल भरावा लागतो. वस्तुतः तिच्या मातृभाषेची वाट कितीतरी ठिकाणी अधिक जवळची आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही तीनच आहेत. इंग्रजीत नामांना लिंगभेद नाही आणि हिंदीत नपुंसकलिंग नाही. जर्मन भाषेत ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याचे इंग्रजी विद्यार्थ्याला नवल वाटते. गोव्यातील कोंकणी घरात मात्र लहान मुलीला ‘तें’ म्हणतातच. ‘कारण मला ताप आहे’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते, तसेच ते जर्मनमधील अशा उपवाक्यातही येते. ‘दू’ आणि ‘झी’ यांतील भेद ‘तू’ आणि ‘आपण’ जाणणाऱ्याला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण घड्याळाचे आहे. ‘हाल्ब द्राय’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धा तीन’ असा होतो. पण वेळ असते अडीचची. ब्रिटिश बोलीत ‘हाफ थ्री’ म्हणजे साडेतीन, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारा येथे हमखास फसतो. मराठी ‘अडीच’ हा शब्द मात्र ‘अर्धतृतीय’ यापासून आलेला आहे : तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. औटकीचा पाढा म्हणणाऱ्या आपल्या आजोबांच्या तोंडी असलेले ‘औट’ हेही ‘अर्धचतुर्थ’च होते. हे एक वाक्य मराठीतून सांगणारा पाठ असेल तर तो विद्यार्थी पुन्हा चुकणार नाही.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. परक्यांना मराठी शिकता यावी म्हणून दीड शतकापूर्वी झालेले ते श्रम आजही फळ देत आहेत. मराठी मुलांना परभाषा शिकता याव्यात म्हणून आपणही तेवढीच मेहनत घ्यावयास हवी. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, बालभारती आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी एकत्र येऊन मराठी व्याकरणाच्या आधारावर उभी असलेली, ध्वनीसह व विनामूल्य पाठमाला सिद्ध करावी. शासनाने करार करून तरुणांना परदेशाची दिशा दाखविली आहे. तेथवर जाणारा रस्ता त्यांच्या भाषेतून बांधून देणे हेही त्याच कराराचे ओघाने आलेले कर्तव्य आहे.