एलईडी टीव्हीच्या पोटात एलसीडीच असते

"भाऊ, एलसीडी बंद झाली. आता एलईडीच घ्या." खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर, कुठल्याही बाजारपेठेत टीव्ही बदलायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या कानावर हे वाक्य पडतंच. विकणारा ते मनापासून सांगतो, घेणारा मान डोलावतो आणि गावात परतल्यावर शेजाऱ्यालाही तेच ऐकवतो. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे टीव्ही बदलले जातात. नेमक्या त्या वेळी हा गैरसमज दोन प्रकारे खिशाला चाट लावतो. नुसत्या नावासाठी जास्त पैसे मोजले जातात आणि दुरुस्त होऊ शकणारा टीव्ही भंगारात जातो. म्हणून आधी याचाच निकाल लावू.

गैरसमज : एलसीडी हा जुना पडदा, एलईडी हा नवा पडदा

वस्तुस्थिती : दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून जो विकला जातो, त्याचा पडदा एलसीडीचाच असतो. एलसीडी म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा. त्यात लाखो सूक्ष्म झडपा असतात. विजेचा दाब कमी-जास्त झाला की स्फटिक वळतात आणि मागून येणारा प्रकाश अडतो किंवा पुढे जातो. पुढच्या तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळण्यांमुळे त्या प्रकाशाला रंग मिळतो. चित्र तयार होतं ते या झडपांमुळे. मात्र झडपांना स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे पडद्यामागे दिवा लागतोच. सुरुवातीच्या एलसीडी टीव्हींमध्ये हा दिवा म्हणजे बारीक ट्यूबलाइट असायची आणि तिच्यात पारा असायचा. पुढे तिच्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या. बदल झाला तो एवढाच.

हा बदल क्षुल्लक होता असं मी म्हणत नाही. पांढरा प्रकाश देणारी एलईडी करायला आधी निळी एलईडी लागते. ती साधायला दशकं गेली आणि तिच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एलईडीमुळे टीव्ही पातळ झाले, वीज वाचली, पारा गेला. पण दिवा बदलला म्हणून पडदा बदलला असं होत नाही.

कुणाला हा शब्दांचा कीस वाटत असेल, तर २००९ साली ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहावं. सॅमसंगच्या 'एलईडी टीव्ही'च्या जाहिरातीविरुद्ध तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रार गेली. पडदाच एलईडीचा आहे असा ग्राहकांचा समज होईल, म्हणून ती जाहिरात दिशाभूल करणारी आहे, असा निर्णय प्राधिकरणानं दिला. नाव मात्र बाजारात टिकलं, आणि आपण अजून त्याची किंमत मोजतो आहोत.

खरा एलईडीचा पडदा पाहायचा असेल तर निवडणुकीच्या सभेत किंवा मोठ्या सप्ताहात मंचाशेजारी उभी करतात ती भिंत पाहा. जवळ गेलात तर दिव्यांचे सुटे ठिपके डोळ्यांना दिसतात. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मागे वेगळा दिवा नसतो.

आता या गैरसमजानं सर्वात मोठं नुकसान कुठे होतं ते सांगतो. टीव्हीचा आवाज चालू, चित्र मात्र गायब. लगेच घरात निकाल लागतो : "एलईडी उडली, आता नवीनच घ्या लागन." थांबा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. टॉर्चच्या उजेडात अंधूक चित्र हलताना दिसलं, तर पडदा धडधाकट आहे. गेला आहे तो मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारा भाग. एलईडी हा स्वतंत्र पडदा असता तर तो विझल्यावर चित्र दिसलंच नसतं. इतका सोपा पुरावा घरबसल्या मिळतो. मागच्या दिव्याच्या, म्हणजे बॅकलाइटच्या, पट्ट्या बदलणारे कारागीर तालुक्याच्या गावी असतात आणि नव्या टीव्हीच्या मानाने हा खर्च बराच कमी असतो. पडद्याला तडा गेला असेल तर गोष्ट वेगळी. पडद्याची किंमतच संचाच्या किमतीच्या आसपास जाते, तेव्हा खुशाल बदला. पण तपासल्याशिवाय बदलू नका.

दिवा बदलला की पडदा नवा, हे एकदा मनात बसलं की पुढची फसगत आपोआप होते. क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी ही एका जिन्याच्या चढत्या पायऱ्यांसारखी नावं वाटू लागतात. क्यूएलईडीमध्ये दिव्यापुढे क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्यामुळे रंग अधिक शुद्ध येतात. या कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण पडदा एलसीडी. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे फार लहान आणि खूप जास्त असतात. चित्राच्या गडद भागातले दिवे मंद करता येतात, म्हणून काळा रंग खोल दिसतो. पडदा तरीही एलसीडी.

ओएलईडी मात्र खरोखर वेगळा आहे. त्यात प्रत्येक ठिपका सेंद्रिय पदार्थाचा आणि स्वयंप्रकाशी असतो. काळं दाखवायचं असेल तर तो ठिपका पूर्ण विझतो. क्यू आणि ओ या एका अक्षराच्या फरकाआड दोन निराळी तंत्रं आहेत. दुकानात दोन्ही नावं एका दमात घेतली जातात तेव्हा गिऱ्हाइकाला तो फरक कळायला मार्गच राहत नाही, आणि याचा मला खरोखर राग येतो.

म्हणून पडदे जुने आणि नवे असे मांडू नका. प्रकाश कुठून येतो हे विचारा. पूर्वीचा पिक्चर ट्यूबचा डब्बा स्वयंप्रकाशी होता, प्लाझ्मा स्वयंप्रकाशी होता, आजचा ओएलईडी स्वयंप्रकाशी आहे. "जुन्या टीव्हीत काळं जास्त काळं दिसायचं" असं म्हणणारे आजोबा अंधाऱ्या खोलीपुरते बरोबर सांगत असतात. डब्बा हरला तो वजन, जाडी आणि आकार यांमुळे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉननं २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, त्याच काळात जग सपाट पडद्याकडे वळत होतं. प्लाझ्माचं चित्र उत्तम होतं, तरी पॅनासॉनिकनं २०१३ च्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबवलं. बाजारातून गेला तो पडदा वाईटच होता, असं मानायचं कारण नाही.

गैरसमज : ओएलईडी सर्वात भारी, म्हणून परवडत असेल तर तोच घ्यावा

वस्तुस्थिती : तुम्ही काय पाहता आणि कुठे बसून पाहता, त्यावर हे ठरतं. रात्री दिवे मालवून सिनेमे पाहणाऱ्याला ओएलईडीसारखं चित्र दुसरीकडे मिळणार नाही. पण ज्या घरात बातम्यांची वाहिनी सकाळपासून लावलेली असते, खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह तासन्‌तास हलत नाही, तिथे जपून. एकाच जागी सतत उजळणारे ठिपके आधी झिजतात आणि तिथे कायमचा डाग उमटतो. कॅनडातल्या आरटिंग्स या चाचणी संकेतस्थळानं २०१८ पासून ओएलईडी संच रोज २० तास चालवून पाहिले. सीएनएन ही वृत्तवाहिनी मोठ्या उजेडावर दाखवणाऱ्या संचावर पट्ट्यांच्या जागी डाग स्पष्ट दिसले. नवे संच यापासून बचावाची काळजी घेतात, धोका कमी झाला आहे, पण संपलेला नाही. शिवाय आपल्याकडची बैठकीची खोली दिवसा उघडी आणि उजेडाची असते. तिथे चांगल्या दिव्याचा एलसीडी अधिक उपयोगी पडतो.

गैरसमज : फोर-के घेतला की सगळं चित्र काचेसारखं दिसतं

वस्तुस्थिती : चित्र जसं येतं तसंच दिसतं. डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या असतात. अशा चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. बरोबर वीसपट. म्हणजे दर वीस ठिपक्यांतले १९ टीव्ही अंदाजाने भरतो. त्यात २१ इंची डब्ब्यावरून ४३ इंचांवर गेलात, तर तेच चित्र जवळपास चौपट जागेवर ताणलं जातं. नवा टीव्ही घरी आणल्यावर "जुन्यातच चांगलं दिसत होतं" ही तक्रार येते ती यामुळे, संच बिघडलेला नसतो.

अंतराचंही असंच. निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागापेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंचांच्या फुल एचडी पडद्यासाठी ही मर्यादा साधारण साडेपाच फुटांवर येते. त्याहून लांब बसणार असाल तर फोर-केचे जादा ठिपके डोळ्याला कळत नाहीत. जवळ बसून इंटरनेटवरचं फोर-के चित्र पाहणाऱ्यानं ते जरूर घ्यावं.

आणखी काही, थोडक्यात

"नवा टीव्ही म्हणजे बिल कमीच." आकार वाढवला तर नाही. ८० वॅटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट जळतात. स्टार लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा वाचा.

"स्टॅबिलायझरशिवाय टीव्ही जळतो." मागच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी दाब तो सोसतो. खरा घात होतो न्यूट्रल तुटून दाब अचानक चढल्यावर आणि वीज पडल्यावर. म्हणून जास्त दाबाला पुरवठा तोडणारं उपकरण लावा. ढग गडगडू लागले की प्लग काढा, छत्रीची वायरही काढा.

"३२ इंचांच्या वर कर जास्त." २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आता लहान-मोठ्याला दर सारखाच.

"एचडीआर लिहिलंय म्हणजे उजेड जास्त." एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेलं चित्र ओळखणं वेगळं आणि तेवढा उजेड पाडण्याची ताकद असणं वेगळं. स्वस्त संचात पहिलंच असतं.

"सुटे भाग जुळवून केलेला टीव्हीही कंपनीच्या टीव्हीसारखाच असतो." बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊ नका.

"जुना डब्बा भंगारवाल्याला दिला की झालं." त्याच्या काचेत शिसं असतं. तो फोडला की शिसं माती-पाण्यात जातं. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार जुन्या संचांची विल्हेवाट ही उत्पादकांची जबाबदारी आहे, तेव्हा बदलीत देताना तो पुढे कुठे जातो हे दुकानदाराला विचारा.

दुकानात गेल्यावर मात्र पेनड्राइव्हवरची झगमगती फुलं आणि धबधबे बंद करायला सांगा. तुम्ही रोज पाहता ती वाहिनी लावायला लावा. घरात जितक्या लांब बसता तितकं मागे सरा, मग एका बाजूला जाऊन तिरपं पाहा, कारण घरात सगळे समोर बसत नाहीत. चित्राचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'स्टँडर्ड'वर आणा. बॅकलाइटच्या पट्ट्या आणि पडदा हमीत किती वर्षं आहेत ते बिलावर लिहून घ्या. घरी आणल्यावर उजेड कमीच ठेवा, मागचा दिवा जास्त वर्षं टिकेल.