मुशीच्या मांसातील पारा

मोठी मुशी, म्हणजे शार्क मासा, कितीही धष्टपुष्ट दिसली तरी तिचे मांस निर्दोष असते असे नव्हे. दगडी कोळशाच्या धुरातून व खाणींतून सुटलेला पारा अखेर समुद्रात उतरतो. तेथे सूक्ष्म जंतू त्याचा विषारी मेथिल पारा बनवितात. तो लहान माशांतून मोठ्या माशांत वाढत जाऊन दीर्घायुषी मुशीच्या मांसात वर्षानुवर्षे साठतो.

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर २०१२ साली ४३ पांढऱ्या शार्क माशांचे रक्त घेण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पारा विपुल आढळला. परंतु माशांच्या शरीरयष्टीवर अथवा रक्तातील पांढऱ्या पेशींवर दुष्परिणाम दिसला नाही. मुशीला सोसते ते मनुष्यास मात्र सोसत नाही.

किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालण्याची चाल आहे. हेतू चांगला, पण पारा गर्भाच्या मेंदूस अपाय करतो व अंगावरच्या दुधातही उतरतो. खारवून, वाळवून वा उकळून तो जात नाही. म्हणून गर्भवती, बाळंतीण व लहान मुले यांस मुशी न देता बांगडा अथवा तारली द्यावी. या लहान माशांत पारा फारच थोडा असतो.