साईन पाय शून्य का येत नाही?

आजच्या भागात एका छोट्या, पण प्रोग्रॅमिंग करणाऱ्या बऱ्याच जणांना छळणाऱ्या प्रश्नाबद्दल बोलूया. पायथन उघडा आणि 'पाय'चा साईन काढा. शाळेत शिकलोय की उत्तर शून्य. स्क्रीनवर मात्र दिसतं १.२२४६४६७९९१४७३५३२ गुणिले १० चा उणे १६वा घात. "कॉम्प्युटरची चूक" म्हणून आपण पुढे जातो. माझं म्हणणं असं, की हे उत्तर बरोबर आहे!

कसं ते बघा. पायचे अंक संपत नाहीत आणि डबल प्रकारच्या संख्येत जागा ५३ बिटांचीच. त्यामुळे आपण दिलेली संख्या खऱ्या पायपेक्षा जराशी कमी असते. पायच्या अगदी जवळ साईनची किंमत म्हणजे जवळजवळ तेवढंच उरलेलं अंतर. लायब्ररीने तेच अंतर आपल्याला सांगितलं.

आता गंमत अशी, की साईन काढणं हे काही फार अवघड काम नाही. कोन ४५ अंशांच्या आत असला की तेराव्या घातापर्यंतची एक बहुपदी पुरते. खरी कसोटी आहे ती मोठा कोन त्या पट्ट्यात आणताना. त्यासाठी पायच्या पटी वजा कराव्या लागतात, आणि दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की पुढचे अंक उडतात. उरतात ते शेवटचे. तिथे तुमचा पाय किती अंकांचा, यावर सगळं ठरतं.

इंटेलच्या जुन्या एफसाईन सूचनेत पाय ६६ बिटांचा होता. तिच्याकडून वरच्याच गणिताचं उत्तर येतं १.२२४६०६३५... म्हणजे पहिले पाचच अंक बरोबर. मॅन्युअलमध्ये मात्र चूक शेवटच्या एका बिटाच्या आत राहते असं लिहिलेलं होतं. २०१४ मध्ये ब्रूस डॉसन या प्रोग्रॅमरने हे जाहीरपणे दाखवून दिलं, आणि इंटेलने मॅन्युअल सुधारलं.

यावरचा उपाय पेन आणि हॅनेक यांनी १९८३ मध्येच मांडला होता: २ भागिले पाय या संख्येचे भरपूर अंक आधीच साठवून ठेवायचे आणि त्यातले लागतील तेवढेच वापरायचे. सनच्या एफडीलिबएम लायब्ररीत असे ४७६ दशांश अंक आहेत. त्यामुळे १० च्या २२व्या घाताचा साईनसुद्धा अचूक मिळतो, उणे ०.८५२२००८४९७६७१८८८.

मग आपण काय करायचं? कोन अंशांत असेल तर आधी अंशांतच ३६० ने भागून बाकी काढा, मग रेडियन करा. फ्लोटिंग पॉइंटमध्ये ही बाकी अगदी अचूक निघते. आवर्तनं मोजत असाल तर आधी पूर्ण आवर्तनं काढून टाका आणि मगच पायने गुणा. तासन् तास चालणाऱ्या ॲनिमेशनमध्ये किंवा आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये वेळ वाढत जातो, तिथे याचा फरक जाणवतो. आणि उत्तर शून्य आलं का, हे 'बरोबर' चिन्ह लावून कधीही तपासू नका. शून्याच्या किती जवळ आहे, ते तपासा.

करून बघा, आणि काय दिसलं ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!